नाडी लागत होती, तरी धमनी फुटली होती : मांडीतील फिक्सेटर पिनमुळे झालेल्या इजेचे प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्ण तिशीतला, वजन साधारण ६० किलो, मोटारसायकलवरून घसरून डावा गुडघा दुभाजकावर आपटलेला. तालुक्याहून जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका मध्यम खासगी रुग्णालयात चार तासांनी पोचला. (ओळख पटू नये म्हणून वय, गाव आणि तपशिलातल्या काही बिनमहत्त्वाच्या गोष्टी बदलल्या आहेत.) नडगीच्या हाडाचा वरचा भाग दोन्ही बाजूंनी फुटून खालच्या दांड्यापासून सुटलेला, म्हणजे शॅट्झकर वर्गीकरणातले सहाव्या प्रकारचे फ्रॅक्चर. कातडी फाटलेली नव्हती, पण फोड येऊ लागले होते आणि पोटरी ताठत चालली होती. पायाच्या पाठीवरची आणि घोट्यामागची नाडी दोन्ही स्पष्ट. हिमोग्लोबिन १३.२.

अशा सुजेत लगेच प्लेट बसवणे म्हणजे जखम उघडी पडण्याला आमंत्रण. म्हणून गुडघ्यावरून पूल बांधावा तसा बाहेरून फिक्सेटर, म्हणजे हाडात रोवलेल्या पिना आणि त्यांना जोडणाऱ्या दांड्या, लावायचा, सूज उतरेपर्यंत थांबायचे आणि मग प्लेट करायची, असे ठरले. ठरवण्यात काही चूक नव्हती. पुढची सगळी गुंतागुंत या निर्णयातून नाही, एका पिनेच्या टोकातून निघाली.

पिन बसवताना

मांडीच्या हाडात दोन आणि नडगीत दोन, अशा ५ मिलिमीटरच्या चार शांझ पिना, म्हणजे टोकाला आटे असलेल्या पिना. मांडीतल्या दोन्ही पिना बाहेरच्या अंगाने, सरळ आतल्या दिशेने घातल्या. खालची पिन गुडघ्याच्या बरीच वर, पुढे प्लेटचा छेद तिथवर येऊ नये म्हणून. वरची पिन मांडीच्या मधल्या आणि खालच्या तिसऱ्या भागाच्या सीमेवर.

ही सीमा डोळ्यांसमोर नीट आणली पाहिजे. मांडीची मुख्य धमनी, सुपरफिशियल फेमोरल, जांघेपासून निघते तेव्हा हाडाच्या पुढे आणि आत असते. खाली येता येता ती हंटरच्या कालव्यात शिरते. हा कालवा मांडीच्या आतल्या बाजूला स्नायूंच्या मध्ये असतो आणि त्याचे छप्पर घट्ट पडद्याचे असते. कालवा संपतो तिथे ॲडक्टर मॅग्नस स्नायूच्या भोकातून धमनी मागे जाते आणि पॉप्लिटिअल म्हणवते. या भोकापाशी ती हाडाला सर्वांत जवळ असते आणि बांधल्यासारखी जखडलेली असते. मोकळी धमनी टोक लागले तर बाजूला सरकते. इथे तिला सरकायला जागाच नाही.

पिनेसाठी आधी ड्रिलच्या ३.५ मिलिमीटरच्या बिटने भोक पाडले. बिट बरेच दिवस वापरातली, बोथट. बोथट बिटला जोर लावावा लागतो आणि जोर लावलेल्या हाताला पलीकडचा कॉर्टेक्स, म्हणजे हाडाचे टणक कवच, फुटताच थांबता येत नाही, हात पुढे जातोच. इथेही तो गेला. स्लीव्हमधून, म्हणजे बिटला वाट देणाऱ्या नळीतून, लालभडक रक्ताची एक पिचकारी आली. पिन घट्ट बसल्यावर ती थांबली, आणि ‘मज्जेतले रक्त असेल’ असे समजून काम पुढे चालू राहिले. मज्जेतले रक्त गडद असते आणि संथ झिरपते. ही पिचकारी ऑपरेशन नोटमध्ये कुठेच आली नाही.

शेवटी सी-आर्मवर, म्हणजे ऑपरेशन टेबलापाशी लावायच्या एक्स-रे यंत्रावर, गुडघा पाहिला, फ्रॅक्चरची लांबी बरोबर आली होती. वॉर्डात एक्स-रे काढला तोही गुडघा मध्यभागी ठेवून. वरची पिन फिल्मच्या वरच्या काठाशी निम्मी कापली गेली होती. बाहेरून आत घातलेली पिन समोरून काढलेल्या फोटोत पूर्ण लांबीने दिसते, टोक कॉर्टेक्सच्या किती पुढे गेले आहे ते सहज मोजता येते. फिल्म फक्त १० सेंटिमीटर वर सरकवली असती तर हे प्रकरण बहुधा दुसऱ्याच दिवशी संपले असते.

अडचण कशी पुढे आली

दुसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन १०.८. फ्रॅक्चरमध्ये इतके कमी होणे चालते, म्हणून कोणी थबकले नाही. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून एनोक्सापॅरिन ४० मिलिग्रॅम रोज एकदा सुरू झाले. केसपेपरवर सकाळ-संध्याकाळ एकच ओळ: नाडी लागते, बोटे हलतात, संवेदना ठीक.

चौथ्या दिवशी हिमोग्लोबिन ९.६. सहाव्या दिवशी रुग्णाने तक्रार केली, दुखते ते गुडघ्यात नाही, मांडीत. मांडीचा घेर दुसऱ्या पायापेक्षा ४ सेंटिमीटरने जास्त भरला. हिमोग्लोबिन ८.१. आठवडाभर अंथरुणाला खिळलेला, पाय मोडलेला तरुण आणि एका बाजूची मांडी सुजलेली, म्हणजे खोल शिरेत गुठळी (डीव्हीटी), हा पहिला विचार स्वाभाविकच. रात्रीच्या डॉक्टरांनी एनोक्सापॅरिन ६० मिलिग्रॅम दर बारा तासांनी, म्हणजे उपचाराच्या मात्रेत, सुरू केले आणि सकाळी डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, मागवला.

मागणीपत्रावर लिहिले होते ‘डावा पाय, डीव्हीटी आहे का?’ रेडिओलॉजिस्टनी शिरा पाहिल्या. दिसल्या तेवढ्या भागात गुठळी नव्हती. खाली फिक्सेटरच्या दांड्यांमुळे आणि ताठ सुजेमुळे प्रोब नीट टेकत नव्हता, तसे रिपोर्टात होते. शेवटी एक ओळ होती: मांडीच्या आतल्या बाजूस रक्ताची गाठ असावी. धमनीबद्दल रिपोर्टात शब्द नव्हता, कारण तो प्रश्नच विचारला गेला नव्हता. ‘दिसला तेवढा भाग’ या शब्दांवर बोट ठेवून औषध त्याच मात्रेत चालू राहिले.

इथे थांबून हिशोब मांडला पाहिजे. हिमोग्लोबिन पाच दिवसांत १३.२ वरून ८.१. शिरेत गुठळी झाली तर मांडी सुजते, पण त्यासाठी हिमोग्लोबिन घसरत नाही. सूज आणि घसरण एकत्र आली की रक्त मांडीतच कुठेतरी साठते आहे, असा अर्थ आधी घ्यायचा. आणि गाठ आहे असे रिपोर्ट सांगत असताना रक्त पातळ करण्याचे औषध वाढीव मात्रेत देणे म्हणजे गळक्या टाकीचा नळ जास्त सोडणे.

नवव्या दिवशी मांडीचा आतला भाग ताणलेला, गरम. ताप १००.४ फॅरनहाइट. वरच्या पिनेच्या भोकातून काळपट रक्त झिरपत होते. हिमोग्लोबिन ७.०. ताप, गरम सूज, पिनेतून स्राव, म्हणजे पू झाला असणार, या तर्काने जाड सुईने ओढून पाहायचे आणि पू आला तर तिथेच छेद द्यायचा ठरले. ड्रेसिंग रूममध्ये.

सुई आत गेली नाही ती ड्रेसिंगच्या सिस्टरमुळे. बेटाडीनने जागा पुसून त्यांनी मांडीच्या आतल्या बाजूवर कोरडा गॉझ ठेवला, आणि तो गॉझ एका लयीत किंचित वर उचलला जाऊन खाली बसत होता. त्यांनी तो दाखवला. मनगटाच्या नाडीशी लय जुळली. स्टेथोस्कोप टेकवला तर दर ठोक्याला घरघर. सुई ट्रेमध्ये परत गेली.

त्याच टेबलावर घोट्यापाशी कफ बांधून रक्तदाब घेतला: पायात ११८, दंडात १२४. गुणोत्तर ०.९५. धमनीच्या इजेची शंका धरायची ती ०.९ च्या खाली, असा सर्वसाधारण दंडक. म्हणजे नाडीही चांगली आणि गुणोत्तरही चांगले. यात विरोधाभास काही नाही. धमनी आरपार तुटलेली नव्हती, तिच्या कुशीत भोक पडले होते. मुख्य प्रवाह खाली जातच होता आणि भोकातून थोडे रक्त बाहेर पडून भोवतालच्या उतींनी धरलेल्या पिशवीत फिरत होते. याला सुडोॲन्युरिझम म्हणतात, कारण पिशवीची भिंत धमनीची नसते. खालची नाडी खालचा प्रवाह सांगते, मधल्या वाटेवरच्या भोकाबद्दल ती काही बोलत नाही.

डॉप्लर पुन्हा केला, या वेळी धमनीसाठी. ६ बाय ५ सेंटिमीटरची पिशवी, आत रंगीत डॉप्लरवर लाल-निळे भोवऱ्यासारखे फिरणारे रक्त, आणि पिशवीला धमनीशी जोडणाऱ्या मानेत प्रत्येक ठोक्याला आत-बाहेर होणारा प्रवाह. मान रुंद, सुमारे ८ मिलिमीटर. हे भोक बिटने पडले की पिनेच्या टोकावर धमनी दर ठोक्याला घासून झिजली, हे नक्की सांगता येत नाही. दोन्ही तऱ्हा होतात. पिचकारी पाहता इथे पहिली जास्त संभवते.

पर्याय

पहिला प्रश्न पिनेचा. ‘त्रास तीच देते आहे, तर काढून टाका’ असे वाटणे साहजिक. पण पिनेने भोक अर्धवट बुजवलेले असू शकते. वॉर्डात किंवा ड्रेसिंग रूममध्ये ती काढली आणि बूच निघाले, तर मांडीतल्या मुख्य धमनीचे रक्त दाबायला हाताशी काहीच नसते. म्हणून धमनीवर वरून ताबा मिळेपर्यंत पिनेला हात लावायचा नाही, हे पहिल्याच फोनवर व्हॅस्क्युलर सर्जननी बजावले.

प्रोबने वरून दाबून पिशवी गोठवणे जांघेत कॅथेटरनंतर होणाऱ्या लहान पिशव्यांना ठीक. इथे पिशवी खोल, मोठी, वर स्नायूंचा थर, खाली पिन, आणि रक्त पातळ करणारे औषध शरीरात.

पिशवीत थ्रॉम्बिन, म्हणजे रक्त गोठवणारे औषध, टोचण्याला मान अरुंद आणि लांब लागते. ८ मिलिमीटरच्या मानेतून औषध मुख्य धमनीत उतरले तर पोटरीच्या तिन्ही धमन्या एकदम बंद होण्याची भीती. सोडून दिला.

आतून झाकणारा स्टेंट हा खरा तुल्यबळ पर्याय होता. जांघेतून तार घालायची, भोकावर आच्छादित स्टेंट बसवायचा. मोठा छेद नाही, रक्त कमी जाते. वयस्कर, हृदयविकारी रुग्णात तोच आधी निवडला असता. इथे तीन गोष्टी आडव्या आल्या. ताप होता आणि पिनेची वाट थेट पिशवीत जात होती. संसर्ग असेल तर त्या जागी कृत्रिम कापड ठेवणे धोक्याचे. वय तिशीतले, म्हणजे हा स्टेंट पुढची तीस-चाळीस वर्षे, मांडीच्या वाकणाऱ्या-वळणाऱ्या भागात राहणार. आणि साठलेले रक्त तसेच राहिले असते, शिरेवरचा दाब कायम.

राहिले उघडे ऑपरेशन. धमनी दुरुस्त होते, गाठ बाहेर काढता येते, पिनही डोळ्यांसमोर निघते. किंमत म्हणजे मोठा छेद आणि त्या कालव्यातून धमनीसोबत जाणारी सॅफेनस नस (संवेदना नेणारा मज्जातंतू) दुखावण्याची शक्यता.

काय केले

रुग्णाला अडीच तासांच्या अंतरावरील शहरातल्या मोठ्या रुग्णालयात हलवायचे ठरले. सीटी अँजिओ, म्हणजे रंगद्रव्य देऊन काढलेला धमन्यांचा सीटी, जिल्ह्यातच करावा की तिथे, यावर थोडी चर्चा झाली. इथे केला असता तर दीड तास गेला असता आणि चित्रे नीट आली नसती तर तिथे पुन्हा रंगद्रव्य द्यावे लागले असते. रुग्ण स्थिर होता, निदान पक्के होते. सीटी तिकडे. शासकीय योजनेची कागदपत्रे आरोग्यमित्राने रुग्ण निघतानाच लावली. ते काम पोचल्यावर सुरू झाले असते तर संध्याकाळ गेली असती.

निघण्यापूर्वीची तयारी इथे लिहून ठेवण्यासारखी आहे. एनोक्सापॅरिन बंद, शेवटचा डोस सकाळी सहाचा. प्रोटामिन दिले नाही, कारण त्याने एनोक्सापॅरिनचा परिणाम अर्धवटच उलटतो आणि उघडा रक्तस्राव नव्हता. पण ते अँब्युलन्समध्ये होते. दोन्ही हातांत १६ नंबरच्या सुया. रक्ताच्या दोन पिशव्या चढवून, जुळवलेल्या आणखी दोन सोबत. मांडीच्या अगदी वर, पिनेच्या वर, टूर्निकेटचा, म्हणजे आवळून रक्तप्रवाह थांबवायचा, कफ गुंडाळलेला पण न फुगवलेला. सोबतच्या डॉक्टरांना जांघेत कुठे मुठीने दाबायचे ते खूण करून दाखवले: कमरेचे पुढचे हाड आणि जघनास्थी यांच्या मधोमध, जिथे नाडी उडते तिथे. फिक्सेटरची एकही जोडणी सैल केली नाही.

सीटीत धातूमुळे रेघा पडल्या होत्या, तरी हवे ते दिसले. पिशवीची मान सुपरफिशियल फेमोरल धमनीच्या बाहेरच्या कडेला, हाडाकडे तोंड करून, ॲडक्टर मॅग्नसच्या भोकाच्या जरा वर. वरच्या पिनेचे टोक कॉर्टेक्सच्या १४ मिलिमीटर पुढे. गुडघ्याखालच्या तिन्ही धमन्या भरत होत्या.

रात्री आठला, शेवटच्या डोसनंतर चौदा तासांनी, ऑपरेशन सुरू झाले. आधी जांघेत छोटा छेद घेऊन धमनीभोवती फीत टाकली. पिशवीच्या आसपास सुरी लावण्याआधी हे करायचेच. पिशवी फुटल्यावर वरचा ताबा शोधत बसायला वेळ मिळत नाही. मग मांडीच्या आतल्या बाजूने कालवा उघडला. गुठळी होऊ नये म्हणून हेपारिन दिले, धमनीला चिमटे (क्लॅम्प) लावले, पिशवी उघडली, अर्ध्या लिटरहून जास्त गुठळ्या निघाल्या. धमनीच्या भिंतीत ६ मिलिमीटरची फाट, कडा चिंधी झालेल्या, आजूबाजूची भिंत निळसर. दोन टाके घालून फाट मिटवता आली असती, पण अशा चेचलेल्या भिंतीवरचे टाके पुन्हा सुटतात किंवा धमनी तिथे आवळते. सुमारे ३ सेंटिमीटर भाग काढून उजव्या पायातली सॅफेनस शीर उलटी करून जोडली, ६-० पॉलिप्रोपिलिनच्या बारीक धाग्याने. शीर दुसऱ्या पायातलीच घ्यायची, कारण दुखावलेल्या पायात रक्त परत नेणाऱ्या वाटा आधीच दाबल्या गेलेल्या असतात.

पिन काढली ती क्लॅम्प लागलेले असताना, तिचे टोक डोळ्यांनी बघत. तोवर एका ऑर्थो सर्जनने पाय धरून ठेवला होता. जोडलेल्या शिरेवर ताण येऊ नये इतकी स्थिरता या वेळी लागते. नवी पिन पुढच्या अंगाने, बऱ्याच वरच्या पातळीवर, पलीकडच्या कॉर्टेक्समध्ये आटा जेमतेम धरेल इतकीच. पाय रक्ताविना कधीच राहिला नव्हता, म्हणून पोटरीची फॅशिओटोमी, म्हणजे आतला दाब उतरवायला स्नायूंवरचा पडदा चिरणे, केली नाही. पोटरी दर तासाला तपासली.

परिणाम

गुठळ्यांच्या कल्चरमध्ये जंतू आले नाहीत. ताप साठलेल्या रक्ताचा होता. म्हणजे स्टेंट नाकारण्याचे एक कारण नंतर गळाले. पण त्या संध्याकाळी ते माहीत नव्हते, आणि तेव्हाच्या माहितीवर घेतलेला निर्णय योग्यच होता.

अपघातापासून २६ व्या दिवशी सूज उतरल्यावर दोन प्लेटा बसवल्या. टूर्निकेट वापरला नाही, कारण नव्या ग्राफ्टवर, म्हणजे जोडलेल्या शिरेवर, कफ आवळणे म्हणजे तो बंद पाडणे. ॲस्पिरिन ७५ मिलिग्रॅम. तीन महिन्यांनी डॉप्लरवर ग्राफ्ट चालू. नऊ महिन्यांनी रुग्ण काठीशिवाय चालतो, गुडघा १०५ अंश वाकतो. नडगीच्या आतल्या बाजूची कातडी बधिर राहिली आहे. तिथे डास चावला तरी कळत नाही, असे तो सांगतो.

कुठे वेगळे करता आले असते

आरपार पिनेसाठी ऑर्थोमध्ये एक जुना नियम सगळ्यांना पाठ असतो: धोक्याच्या बाजूने आत शिरा. मांडीच्या खालच्या टोकात ट्रॅक्शनची, म्हणजे वजन लावून पाय ओढून धरण्याची, पिन आतून बाहेर घालतात, कारण धमनी आत आहे. नडगीच्या वरच्या टोकात बाहेरून आत, कारण पेरोनिअल नस बाहेर आहे. टाचेत आतून बाहेर, कोपरात आतून बाहेर. कारण साधे आहे. शिरण्याची जागा डोळ्यांसमोर, बोटाखाली, स्लीव्हमध्ये असते. बाहेर निघण्याची जागा कोणी निवडत नाही.

फिक्सेटरच्या अर्ध्या पिनेत, म्हणजे एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने कातडीबाहेर न येणाऱ्या पिनेत, हा नियम उलटा पडतो. मांडीत ती बाहेरून घातली की तिचे टोक बरोबर धोक्याच्या बाजूला निघते. पुस्तकातले सुरक्षित क्षेत्र शिरण्यापुरते असते. त्यापुढे सगळी सुरक्षा खोलीवर अवलंबून.

म्हणून बिट नवी किंवा धारदार. स्लीव्ह हाडाला टेकलेली. पहिला कॉर्टेक्स पार झाला की ड्रिल मोकळे फिरते, मग दुसऱ्या कॉर्टेक्सला लागताच आवाज चढतो. तिथून पुढे ड्रिलवर शरीराचा भार नको, फक्त मनगट, आणि बिट थोपवायला दुसऱ्या हाताची बोटे स्लीव्हवर. पिन शेवटचे वळसे हाताने. टोक पलीकडे एक-दोन आटे बाहेर, बस. प्रत्येक पिनेचे टोक, फक्त फ्रॅक्चर नव्हे, सी-आर्मवर पाहून चित्र जपून ठेवायचे. इथे १४ मिलिमीटर बाहेर असलेली पिन ओटीतच उलटी फिरवून मागे घेता आली असती. धमनीला तोवर इजा झालेली असती तरी ती कळली असती. एक खबरदारी: शंकूच्या आकाराच्या पिना मागे घेतल्या की सैल होतात, त्या बदलाव्याच लागतात.

पिचकारी आली तेव्हा दोन मिनिटांचे काम होते. जागा दाबायची, रक्ताचा रंग आणि जोर पाहायचा, नोटमध्ये लिहायचे, त्याच संध्याकाळी धमनीचा डॉप्लर सांगायचा. नोटमध्ये ती ओळ असती तर सहाव्या रात्रीच्या डॉक्टरांनी सुजलेल्या मांडीकडे वेगळ्या नजरेने पाहिले असते. ते नवखे होते आणि कागदावर त्यांना सावध करणारे काहीच नव्हते.

डॉप्लर मागताना प्रश्न दोन लिहायचे, शिरेचा आणि धमनीचा, आणि पिन कुठल्या पातळीवर आहे तेही. पिनेजवळची कुठलीही गाठ, कितीही गरम, कितीही पुवासारखी दिसली तरी, हात ठेवून आणि स्टेथोस्कोप लावून पाहिल्याशिवाय तिच्यात सुई जाणार नाही, असा नियम त्या रुग्णालयाने आता ड्रेसिंग रूमच्या भिंतीवर लावला आहे. केसपेपरच्या छापील तक्त्यात ‘नाडी’ या रकान्याशेजारी दोन नवे रकाने आले: ‘मांडीचा घेर’ आणि ‘पिनेपाशी स्पंदन’.